नागपुरात नवं बिऱ्हाड, आणि साबणाला फेस का येत नाही

दर जून-जुलैत आमच्या गल्लीत दोन-चार नवी बिऱ्हाडं येतात. कुणी मिहानमध्ये नोकरीला लागलेलं असतं, कुणी मेडिकलला शिकायला आलेलं. पंधरा दिवस झाले की त्यांचे प्रश्न सुरू होतात. केसांचा झाडू झाला, पांढरे शर्ट पिवळट दिसतात, नळाच्या तोटीवर पांढरं काहीतरी चढतंय, साबण आठ दिवसांत संपतो. मग शाम्पू बदलतात, धुण्याची पावडर बदलतात, पुण्याहून आईने पाठवलेलं तेल लावून बघतात. मी कनिष्ठ महाविद्यालयात रसायनशास्त्र शिकवत होते हे कळलं की संध्याकाळी आमच्या ओट्यावर येऊन बसतात.

त्यांना जे सांगते ते इथे क्रमाने लिहिते. या शहरात घरच्या वस्तू दोन गोष्टी बघून घ्यायच्या: तुमच्या नळाला येणारं पाणी आणि मे महिन्यातलं ऊन. जाहिरात त्यानंतर.

आधी पाणी ओळखा

महापालिकेचं पाणी पेंच प्रकल्पातून आणि कन्हान नदीतून येतं. ते पृष्ठभागावरचं पाणी, त्यामुळे साधारणपणे सौम्य. बोअरचं पाणी वेगळं. नागपूर हे दख्खनच्या काळ्या दगडाच्या अगदी पूर्वेच्या कडेला वसलेलं शहर आहे. जमिनीत मुरणारं पाणी या खडकांतून आणि मातीतून झिरपताना कॅल्शियम आणि मॅग्नेशियमचे क्षार उचलत जातं. यालाच आपण जड पाणी म्हणतो, पुस्तकात कठीण पाणी. फ्लॅटमध्ये बहुतेकदा नळाचं आणि बोअरचं पाणी गच्चीवरच्या एकाच टाकीत पडतं. उन्हाळ्यात नळाचं कमी पडलं की बोअरचा वाटा वाढतो, आणि तोच साबण मार्चपेक्षा मेमध्ये कमी फेसतो. आमच्या शेजारच्या घरमालकीणबाई नव्या भाडेकरूला पहिल्याच दिवशी सांगून टाकतात, "साबन फेसला नाही तं मले नका सांगू जी, बोअरचं पानी हाय ते." १९५८ पासून पाण्यावर संशोधन करणारी नीरी ही संस्था याच शहरात आहे, पण घरोघरी कामाला येतं ते हे एक वाक्य.

तपासायला प्रयोगशाळा लागत नाही. किराणा दुकानातून इन्व्हर्टरच्या बॅटरीत घालायचं पाणी आणा. त्यात क्षार जवळजवळ नसतात. दोन सारख्या बाटल्या घ्या. एकीत ते पाणी, दुसरीत तुमच्या टाकीचं, दोन्ही अर्ध्या भरा. अंगाचा साबण किसून तुरीच्या दाण्याएवढा कीस दोन्हींत टाका आणि दहा सेकंद जोरात हलवा. शाम्पू किंवा भांड्यांचं लिक्विड घेऊ नका, ते जड पाण्यातही फेसतं आणि तुम्ही फसाल. बॅटरीच्या पाण्यावर दाट फेस उभा राहील. टाकीच्या पाण्यात फेस कमी, पाणी दुधाळ आणि वर फुटक्या दुधासारखे कण दिसले, तर पाणी जड आहे. ते कण म्हणजेच तुमचा वाया गेलेला साबण. साबणातलं स्निग्ध आम्ल कॅल्शियमला धरतं आणि न विरघळणारी मळी तयार होते. बादलीच्या कडेला बसणारा राखाडी थर तोच, आंघोळीनंतर अंगावरचा चिकटपणाही तोच.

थोडं आणखी खोलात जायचं असेल तर टाकीचं पाणी दहा मिनिटं उकळा, थंड करा, गाळा आणि तोच प्रयोग पुन्हा करा. फेस सुधारला तर तुमच्या पाण्याचा जडपणा बराचसा तात्पुरता आहे, म्हणजे बायकार्बोनेटचा. उकळल्यावर तो चुन्यासारखा खाली बसतो. चांगली बातमी नव्हे ही, कारण हाच थर तुमच्या गिझरच्या कॉइलवर बसणार आहे.

टीडीएस मीटर विकत घेऊन आकडे दाखवणारे पुष्कळ भेटतील. तो मीटर पाण्यातले एकूण क्षार मोजतो, त्यात साधं मीठही आलं. त्यावरून जडपणा किती हे कळत नाही. भारतीय मानकात पिण्याच्या पाण्याचा जडपणा लिटरला २०० मिलिग्रॅमपर्यंत चांगला मानतात आणि दुसरा स्रोत नसेल तर ६०० पर्यंत चालवून घेतात. म्हणजे जड पाणी प्यायला विष नाही. त्रास आहे तो धुण्या-न्हाण्याला.

एक चूक हमखास होते. आरओच्या मशीनमधून बाहेर पडणारं वायाचं पाणी लोक काटकसर म्हणून बादलीत धरतात आणि त्यात कपडे भिजवतात. मशीनने प्यायच्या पाण्यातले क्षार काढून त्या बादलीतच टाकलेले असतात! तुमच्या घरातलं सगळ्यात जड पाणी ते. संडासात ओता, अंगणात शिंपडा, कपड्यांना नको.

साबणाचं वेष्टन वाचा

तेल किंवा चरबी आणि कॉस्टिक सोडा यांच्या क्रियेतून साबण आणि ग्लिसरीन तयार होतं. सूत्र एवढंच. अमरावती रोडवरच्या लक्ष्मीनारायण इन्स्टिट्यूटमध्ये, जी १९४२ साली सुरू झाली, तेल-चरबी आणि साबणासारखी द्रव्यं हा वेगळा विषय म्हणून शिकवतात. तिथून शिकलेली कितीतरी माणसं साबणाच्या कारखान्यांत गेली. तुम्हाला तेवढं नको. वेष्टनावरचे दोन शब्द पुरे.

'टॉयलेट सोप' लिहिलं असेल तर शेजारी ग्रेड आणि टीएफएमचा आकडा शोधा. टीएफएम म्हणजे एकूण स्निग्ध पदार्थाचं प्रमाण. पहिल्या ग्रेडला किमान ७६ टक्के, दुसऱ्याला ७०, तिसऱ्याला ६०. 'बेदिंग बार' लिहिलं असेल तर ते ४० टक्क्यांवरही चालतं. उरलेल्यात पाणी, भराव, कधी कृत्रिम फेसद्रव्यं. आता यात गंमत अशी की जड पाण्यात कृत्रिम द्रव्याची वडी उलट बरी वागते, कारण तिची मळी होत नाही. म्हणून बोअरच्या पाण्यावर राहणाऱ्याने टीएफएमच्या आकड्यामागे फार धावू नये. साबण ९ ते १० पीएचचा, म्हणजे अल्कलीकडे झुकलेला असतो; आपली कातडी ५ च्या आसपास, म्हणजे किंचित आम्लाकडे. कातडी कोरडी होऊन तडतडत असेल तर 'सोप-फ्री' किंवा सिंडेट लिहिलेली, म्हणजे त्याच कृत्रिम द्रव्याची, वडी घ्या. महाग असते. सगळ्या अंगाला तिची गरज नाही. बगल, पाय, मान एवढ्यालाच साबण लावला आणि बाकी नुसतं पाणी घेतलं तरी माणूस स्वच्छच राहतो.

केस

केसांना अंगाचा साबण लावू नका. मळी केसांच्या खवल्यांत अडकते आणि मग कंगवा फिरत नाही. शाम्पूच्या घटकांत 'ईडीटीए' हा शब्द शोधा. तो कॅल्शियमला पकडून ठेवतो. कंडिशनरमधल्या रेणूंवर धन भार असतो, धुतलेल्या केसावर ऋण. म्हणून तो केसाला चिकटतो आणि केस मऊ लागतात. यात पोषण वगैरे काही नाही, केस मेलेलाच असतो.

आजीचा शिकेकाई-रिठ्याचा काढा जड पाण्यात खरंच चालतो. त्यातलं सॅपोनिन साबणासारखी मळी करत नाही, आणि शिकेकाई किंचित आंबट असते. डोळ्यांत गेला तर मात्र रडवतो. काढा करायला वेळ नसेल तर शेवटचा एक मग आरओच्या प्यायच्या पाण्याचा घ्या, त्यात अर्धं लिंबू पिळा. केस सुळसुळीत होतील. हे लिंबूपाणी मानेवर, कपाळावर राहू देऊन उन्हात जाऊ नका. लिंबातली काही द्रव्यं उन्हात कातडी भाजतात आणि काळे डाग महिनोन्महिने राहतात. मी हे स्वतःच्या मनगटावर भोगलंय, लोणच्याची लिंबं गच्चीवर चिरताना.

कपडे, आणि तर्रीचा डाग

जड पाण्यात आधी धुण्याचा सोडा. भिजवायच्या बादलीत एक चमचा टाका, पाच मिनिटं थांबा, मग पावडर घाला. सोडा कॅल्शियमला खाली बसवतो आणि पावडर मळाच्या कामाला मोकळी राहते. खायचा सोडा आणि धुण्याचा सोडा वेगळे; खायचा इथे फार दुबळा. रेशीम-लोकरीला धुण्याचा सोडा वर्ज्य. पावडरीत 'एन्झाइम' असेल तर उकळतं पाणी ओतू नका. एन्झाइम म्हणजे प्रथिनं, ती उकळत्या पाण्यात अंड्यासारखी शिजतात. कोमट पाण्यात अर्धा तास भिजवा, तेवढ्यात रक्ताचे, दुधाचे, घामाचे डाग ती फोडतात.

आता नागपूरचा खास विषय. रविवारी सकाळी तर्री-पोहे खाल्ले आणि शर्टावर तर्री सांडली नाही असा माणूस मी पाहिलेला नाही. सावजी रस्सा तर त्याहून वरचढ. या डागात तीन गोष्टी असतात: तेल, तिखटाचा लाल रंग आणि हळद. तिखटाचा रंग तेलात विरघळतो, म्हणून तेल निघालं की तोही बराचसा निघतो. हळद वेगळी. लोक घाबरून लगेच साबणाची वडी घासतात आणि पिवळा डाग डोळ्यांदेखत लाल होतो. मग वाटतं, शर्ट गेला. काही गेलेलं नसतं. हळदीतलं कर्क्युमिन अल्कलीत लाल होतं, लिंबाचा थेंब पडला की परत पिवळं. शाळेत लिटमस नव्हता तेव्हा मी मुलांना हळदीच्या कागदावरच हे दाखवत असे.

तर क्रम असा. तर्री आधी कागदाने टिपून घ्या, चोळू नका. भांड्यांचं लिक्विड थेट कोरड्या डागावर लावा आणि दहा मिनिटं ठेवा. आधी पाणी लावलंत तर लिक्विड पातळ होऊन तेल सुटत नाही. मग कोमट पाण्याने धुवा. पुन्हा एकदा करा. आता उरतो तो फक्त हळदीचा पिवळा ओरखडा. शर्ट ओलाच उन्हात टाका, डागाची बाजू वर. कर्क्युमिन उजेडात तुटतं, आणि उजेडाची आपल्याकडे कमतरता नाही. एप्रिलमध्ये एका दुपारीत काम होतं, पावसाळ्यात दोन-तीन दिवस लागतात. रंगीत शर्ट असेल तर उलटा करून टाका, नाहीतर शर्टाचाच रंग आधी जाईल.

पांढरे कपडे पिवळट होण्याचं एक कारण बोअरच्या पाण्यातलं लोह असतं. अशा पाण्यात क्लोरीनचं ब्लीच घातलं तर लोहाचा गंज होतो आणि तो धाग्यात बसतो. पिवळेपणा घालवायला टाकलेलं ब्लीच पिवळेपणा वाढवतं. तिथे लिंबूफूल, म्हणजे सायट्रिक ॲसिड, कामाला येतं. नीळ डाग काढत नाही. पिवळ्यावर निळी छटा चढवून डोळ्याला फसवते. फसवणूक स्वस्त आहे, मी अजून वापरते.

मोरी आणि संडास: इथे चूक परवडत नाही

ही पायरी मन लावून वाचा, बाकीच्या चाळल्या तरी चालेल.

संडासाच्या बहुतेक निळ्या-हिरव्या क्लीनरमध्ये हायड्रोक्लोरिक आम्ल असतं, साधारण १० टक्के. ते क्षारांचा थर आणि लोहाचे डाग विरघळवतं. ब्लीच म्हणजे सोडियम हायपोक्लोराइट, ते जंतू मारतं आणि रंग उडवतं. दोन्ही आपापल्या जागी चांगली. एकत्र आली की क्लोरीन वायू सुटतो. एम.एस्सी.ला असताना आम्ही तिघी एका खोलीत राहायचो. घरमालक येणार म्हणून घाईत मी संडासात एक ओतलं, मैत्रिणीने वरून दुसरं. दार बंद, खिडकी वितभर. घशात मिरच्या भरल्यासारखं झालं, डोळे उघडेनात, खोकत खोकत जिन्यात येऊन बसलो. तिघीही रसायनशास्त्राच्या! परीक्षेत हाच प्रश्न दहा गुणांना लिहिला असता.

म्हणून आम्लाचा दिवस वेगळा, ब्लीचचा वेगळा. मध्ये भरपूर पाणी. ब्लीचमध्ये व्हिनेगर नको, लिंबूफूल नको, अमोनियाचं काचेचं क्लीनरही नको. चुकून वास आलाच तर पुसत बसू नका, बाहेर पडा, दार उघडं टाका, श्वासाचा त्रास राहिला तर दवाखाना गाठा. ब्लीचची बाटली गच्चीच्या जिन्यात ठेवू नका. उन्हात आणि उष्णतेत ब्लीच आपोआप तुटत जातं आणि नवतपा, म्हणजे मेअखेरचे नऊ कडक दिवस, संपेपर्यंत बाटलीत निम्मं मिठाचं पाणी उरतं. लहान बाटली घ्या, सावलीत ठेवा. फरशीला एक कप ब्लीचला पन्नास कप पाणी पुरतं.

नळावरचा, शॉवरवरचा पांढरा थर काढायला तीव्र ॲसिड लागत नाही. किराण्यात लिंबूफूल मिळतं. लिटरभर कोमट पाण्यात दोन मोठे चमचे विरघळवा, प्लास्टिकच्या पिशवीत भरून ती शॉवरला रबराने बांधा, तासाभराने काढा. बुडबुडे येतात तो कार्बन डायऑक्साइड. हेच पाणी कोटा, शहाबादी किंवा संगमरवरी फरशीवर सांडू देऊ नका. हे दगड मूळचे चुनखडीचे, नळावरच्या थराचेच भाऊबंद. आम्ल त्यांनाही खातं, चकाकी जाते ती पॉलिशवाल्याशिवाय परत येत नाही.

मोबाइलवर व्हिनेगर आणि खायचा सोडा एकत्र ओतायचे व्हिडिओ फिरतात. फसफस झक्क दिसते. आम्ल आणि अल्कली एकमेकांना संपवतात आणि हातात उरतं जवळजवळ मिठाचंच पाणी. एकेकटे वापरा.

फरशी पुसायच्या जंतुनाशकात बहुधा बेन्झाल्कोनियम क्लोराइड असतं, धन भाराचं. कपड्यांच्या पावडरीतलं द्रव्य ऋण भाराचं. "जास्त स्वच्छ" म्हणून बादलीत दोन्ही टाकलं तर ते एकमेकांना धरून बसतात, आणि फरशीला ना हे मिळतं ना ते.

दिवाळीनंतर संत्री आली की साली फेकू नका. सालीच्या तेलात लिमोनिन असतं. नव्या स्टीलच्या डब्यावरचं स्टिकर निघालं तरी चिकटा राहतो ना, त्यावर ताजी साल बाहेरच्या बाजूने पिळून चोळा, डिंक सुटतो. रसाने हे होत नाही. रसात सायट्रिक आम्ल, ते क्षारांवर चालतं. एकाच फळात दोन क्लीनर.

ऊन आणि घाम

मेमध्ये पारा ४५ च्या पुढे जातो. इथल्या मुली तोंडाला दुपट्टा गुंडाळून स्कूटर चालवतात. बाहेरून आलेल्यांना सुरुवातीला हसू येतं, आठवड्यात त्याही बांधतात. पातळ सुती दुपट्टा ओला केला की थंड वाटतो, पण ओल्या कापडातून अतिनील किरणं जास्त आत येतात. तेव्हा ओला असेल तर दुहेरी घडी करा.

सनस्क्रीनवर एसपीएफ ३० असेल तर ते भाजणाऱ्या किरणांपैकी सुमारे ९७ टक्के अडवतं, ५० असेल तर ९८. फरक एवढाच. मात्र ही मोजणी दर चौरस सेंटिमीटरला २ मिलिग्रॅम लावून करतात, आणि आपण लावतो त्याच्या निम्मं. तर्जनी आणि मधलं बोट, दोन्हींवर टोकापासून मुळापर्यंत रेघ ओढा. चेहरा आणि मानेला एवढं लागतं. दर दोन तासांनी पुन्हा, घाम पुसला असेल तर लगेच. 'पीए' पुढची अधिकची चिन्हं दुसऱ्या, खोलवर जाणाऱ्या किरणांसाठी. ती तीन-चार असावीत.

घामाला वास नसतो. बगलेतले जिवाणू तो खाऊन वास तयार करतात. डिओडोरंट वास झाकतं किंवा जिवाणू कमी करतं, अँटीपर्स्पिरंटमधले ॲल्युमिनियमचे क्षार घामाचं तोंडच बुजवतात. दुसरं रात्री, कोरड्या कातडीवर लावायचं; सकाळी घामावर लावलं तर वाहून जातं. तुरटीचा खडाही याच कुळातला. दाढीच्या जखमेवर ती रक्त थांबवते ते प्रथिनं आक्रसून. घामोळ्याच्या पावडरीत मेंथॉल असतं, ते थंडी कळवणाऱ्या मज्जातंतूंना डिवचतं. अंगाचं तापमान एक अंशही उतरत नाही. पातळ थर द्या, घामात भिजून तिचे गोळे झाले तर कातडीला त्रासच.

कूलर

कूलर चालतो तो पाण्याची वाफ होताना उष्णता शोषली जाते म्हणून, आणि मेमध्ये हवा इतकी कोरडी असते की तो झकास चालतो. पण वाफ उडते, क्षार मागे राहतात. बोअरचं पाणी असेल तर ताट्या महिन्याभरात कडक, पांढऱ्या होतात आणि हवा येईनाशी होते. आठवड्यातून एकदा टाकीतलं सगळं पाणी काढून टाका, वर नुसतं भरत राहू नका. टाकी घासून कोरडी करा. एडिस डासाची अंडी पाण्याच्या कडेला चिकटून बसतात आणि अंड्यापासून डास व्हायला साधारण आठवडा-दहा दिवस लागतात, म्हणून हा आठवड्याचा हिशेब. पंप अडला तर तो काढून लिंबूफुलाच्या पाण्यात रात्रभर ठेवा. वाळ्याच्या ताट्यांना आम्ल लावू नका. त्यांचा वास मुळांतल्या तेलाचा आहे, दोन हंगामांत तो जातोच, तेव्हा बदला.

पहिला दमदार पाऊस पडला की हवा ओली होते आणि कूलर नुसता दमट वारा देतो. त्या दिवशी तो बंद करा, ताट्या उन्हात वाळवा, आणि टाकी पालथी घालून ठेवा.